आधी जुना प्लग दाखवा

कुणी नवी वस्तू मागितली की माझ्या तोंडून अजूनही पटकन निघतं, "आधी जुनी दाखव." नातवंडं नवी वही मागतात, नवी चप्पल मागतात, आणि मी हात पुढे करतो. आमची ही म्हणते, "मास्तरकी सुटली, पण तपासणी काही सुटली नाही." मी तिला दर वेळी सांगतो की ही सवय शाळेतली नव्हे. ती श्रीरामपूरच्या एका मोटारसामानाच्या दुकानातली आहे, आणि ती मला योसेफकाकांनी लावली.

एकाहत्तरच्या जूनमध्ये मी श्रीरामपुरात एका हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक म्हणून रुजू झालो. आमचं गाव नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या डोंगरात. वडील भात लावायचे. घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे नावापुढे बी.एस्सी. लागल्यापासून मी चालतानाही जरा सावकाश चालत असे. एका हातात वळकटी आणि दुसऱ्या हातात पत्र्याची ट्रंक घेऊन मी पोपटशेठच्या दुकानापुढे उभा राहिलो. दुकानाच्या माडीवरची खोली मला मिळणार होती. किल्ली काउंटरवर घ्या, असा शेठचा निरोप होता.

काउंटरमागे उंच स्टुलावर पन्नाशी उलटलेला एक सडपातळ माणूस बसला होता. खाकी शर्ट गळ्यापर्यंत बंद, कानावर विडीऐवजी तारेचा छोटा ब्रश, गळ्यात काळा दोरा. दोऱ्याला एक पितळी क्रूस आणि त्याच्या शेजारी बारीक फट मोजायचं पोलादी पात्यांचं गेज. हेच योसेफकाका. पुढे मला कळलं की यातला क्रूस रविवारी कामाला यायचा आणि गेज सोमवार ते शनिवार.

"नवी खोली पाहिजे," मी म्हणालो.

"जुनी कुठं हुती?"

"नगरला. बोर्डिंगात."

"का सोडली?"

"शिक्षण संपलं."

"संपलं?" त्यांनी चष्म्यावरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती झालं म्हनायचं?"

"बी.एस्सी."

"मंग जिना जपून चढा, मास्तर. चौथी पायरी हालती."

मी बी.एस्सी.च्या तोऱ्यात चढलो आणि चौथ्या पायरीवर ट्रंकेसकट बसलो.

त्या दुकानात सगळं मिळायचं. पट्टे, बेअरिंगं, होजचे पाइप, हॉर्न. ते सगळं नोकर देत. स्पार्क प्लग मात्र फक्त योसेफकाका देत. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारी ही अंगठ्याएवढी वस्तू. वर पांढरी चिनीमाती, खाली आटे, आणि आट्यांच्या टोकाला बारीक फट. त्या फटीत ठिणगी पडते आणि गाडी चालते. दिसायला सगळे प्लग भावंडांसारखे सारखे. पण एकाचा आटा लांब, एकाचा आखूड, एक लवकर तापणारा, एक उशिरा. चुकीचा बसवला तर गाडी एकतर रुसते, नाहीतर आतल्या आत मोडते.

"अमक्या गाडीला चार प्लग द्या," असं म्हणत गिऱ्हाईक आलं की काका हात पुढे करायचे.

"जुना दाखवा."

"जुना कशाला? गाडीचं नाव सांगतो ना!"

"रोग्याचं नाव सांगून औषध मिळतं का? आन जावा रोगी."

आणि ते खरोखर परत पाठवत. राहुरीहून आलेला असो, नेवाशाहून आलेला असो. जुना प्लग हातात आला की ते स्टुलावरून उतरून दुकानाच्या दारात, उजेडात जायचे. एक डोळा मिटून प्लगाचं तोंड पाहायचे, मग वास घ्यायचे, मग नखानं खरवडायचे. तोवर गिऱ्हाईक उगाचच टोपी काढून हातात धरून उभं राहायचं. रंग तीन. बिस्कीट, काजळ आणि खडू. बिस्किटाचा रंग म्हणजे तब्येत उत्तम. काजळ म्हणजे गाडी पेट्रोल खाते पण पचवत नाही. खडू म्हणजे आत आग फार, आज ना उद्या काहीतरी वितळणार. तेलानं ओला असेल तर काका तो लगेच परत द्यायचे आणि म्हणायचे, "प्लग बदलून उपेग न्हाई. इंजिन म्हातारं झालंय. त्येला आता लांब पाठवत जाऊ नका."

मी कॉलेजात ज्वलनाचा धडा दोनदा शिकलो होतो, एकदा परीक्षेला आणि एकदा नापास झालो तेव्हा. तो मला कळला मात्र त्या दारात उभं राहून.

काकांच्या मागे भिंतीवर एक फळी होती. फळीवर रांगेनं खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक जुना प्लग तारेनं टांगलेला. खाली कागदाची चिठ्ठी, मराठीत. कुणाची गाडी, चालवणारा कसा. "बाजार समितीची जीप. ड्रायवर झाडाखाली झोपतो, इंजिन चालू." "पाळकसाहेब. लई जोरात." काकांच्या चर्चचे हे पाळकसाहेब एकदा स्वतः प्लग घ्यायला आले, त्यांनी फळी वाचली आणि पुढचा रविवारभर देवळात काकांकडे बघायचं टाळलं. काका म्हणाले, "मी काय चहाडी केली? प्लग बोलला."

प्लग बोलतो यावर त्यांची एवढी श्रद्धा, की माणसं बोलतात त्याकडे ते फारसं लक्षच देत नसत.

एकदा बेलापूरकडचे एक बागाईतदार आले. आपण त्यांना भाऊसाहेब म्हणू. जुनी मोटार घेऊन त्यांना महिना झाला होता आणि ती दर दोन मैलांवर ठसकून बंद पडत होती. काकांनी नेहमीप्रमाणे "जुना घेऊन या" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर गलका झाला. पाहतो तर दोन खिलारी बैल, मागे दावणीचे दोर, आणि दोरांना बांधलेली भाऊसाहेबांची काळी मोटार. स्टिअरिंगवर भाऊसाहेब फेटा बांधून बसलेले, बैलांपुढे गडी.

"हे काय, भाऊसाहेब?" काकांनी विचारलं.

"तुमीच म्हनला ना, जुना आना. आमाला त्यो निघंना. म्हनलं, निघत न्हाई तर सगळंच न्यावं."

काकांनी प्लगपाना लावून एक प्लग काढला. काजळ. दुसरा, काजळ. चारही असे की कुणाच्याही बाळाला तीट लावावी. काका दारात गेले, पाहिलं, हुंगलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, ह्या गाडीचा चोक ओढल्याला ऱ्हातो."

"चोक म्हंजी?"

थंड इंजिन सुरू करताना हवा कमी आणि पेट्रोल जास्त जावं म्हणून ओढायची ती मूठ. गाडी सुरू झाली की आत ढकलायची. काका गाडीत वाकले. चोकाची मूठ चांगली चार बोटं बाहेर आलेली होती, आणि तिला भाऊसाहेबांची पिशवी लटकत होती. पिशवीत भाकरी, पानाचा डबा, अडकित्ता आणि जमिनीचे कागद.

"ही खुंटी न्हाई व्हय?" भाऊसाहेब म्हणाले. "आमाला वाटलं, सायेब लोकांनी पिशवीची सोय केलीया."

काकांनी चारही प्लग ब्रशनं घासले, पात्याच्या गेजनं फट जुळवली आणि तेच परत बसवले. नवा एकही दिला नाही. गाडी गुरगुरत सुरू झाली. भाऊसाहेब गाडी चालवत पुढे आणि बैल गड्याबरोबर मागे, अशी वरात परत गेली. पिशवी भाऊसाहेबांनी स्वतःच्या गळ्यात अडकवली होती. पोपटशेठ आतून बघत होते. ते एवढंच म्हणाले, "योसेफ, तू माझ्या दुकानात आहेस, की माझ्या दुकानाविरुद्ध?"

पण या सगळ्या फळीवर पहिला खिळा, अगदी मधोमध, होता डॉक्टरसाहेबांचा. चिठ्ठीवर एकच शब्द : "बिस्कीट."

डॉक्टरसाहेबांची गाडी छोटी, विलायती, जुनी. तसली गाडी गावात दुसरी नव्हती. त्यांनी ती घेतली तेव्हा तिचा जुना प्लग काकांकडे आणला, काकांनी तसाच नवा शोधून दिला, आणि सहा वर्षं दर पावसाळ्यानंतर तोच देत आले. उतरलेला प्लग दर वेळी असा सुरेख बिस्किटी, की काका नवख्या गिऱ्हाइकाला तो दाखवून म्हणायचे, "गाडी चालवावी तर अशी."

एकच अडचण होती. ती गाडी सकाळी सुरू होत नसे.

डॉक्टर नऊला व्हिजिटला निघायचे. तोवर ओट्यावर दहा-पंधरा रोगी बसलेले असत. डॉक्टर बॅग घेऊन गाडीत बसायचे आणि म्हणायचे, "चला." ज्यांना उठता येई ते उठत, गाडी ढकलत, आणि कोपऱ्यावरच्या वखारीपर्यंत गेली की ती सुरू होई. काका म्हणायचे, बॅटरी असंल. डॉक्टरांनी बॅटरी बदलली. काका म्हणायचे, गारठा असंल. पण मे महिन्यातही ढकलावीच लागे. हळूहळू डॉक्टरांनी यातूनच एक पद्धत बसवली होती. जो ढकलताना धाप टाकील त्याला परत आल्यावर आधी आत घ्यायचं. जो गाडीबरोबर वखारीपर्यंत पळत येईल त्याला खिडकीतूनच सांगायचं, "तुला काही झालेलं नाही. घरी जा." गावाला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की "आज ढकलून आलो" म्हणजे डॉक्टरकडे जाऊन आलो, असं लोक म्हणत.

बाहत्तरच्या दिवाळीनंतर पोपटशेठचा मुलगा विजय पुण्याहून शिकून परत आला. त्या साली पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. रस्त्यांवर अशी धूळ, की हवेच्या जाळ्या तुंबून येईल तो प्लग काजळ. फळीजवळ गर्दी असायची आणि काका प्रत्येकाला दारात उभं करायचे. विजयनं आठ दिवस पाहिलं. नवव्या दिवशी त्यानं काचेच्या चौकटीत बसवलेला एक इंग्रजी तक्ता आणून काकांच्या फळीशेजारी ठोकला. डावीकडे गाडीचं नाव आणि साल, उजवीकडे प्लगाचा नंबर.

"आता जुना बघायची गरज नाही," तो म्हणाला. मुलगा वाईट नव्हता, घाईत होता. "नाव विचारा, तक्ता बघा, डबी द्या. कुणीही देईल. काका मागं गोडाऊन सांभाळतील, बसून काम."

गोडाऊन दुकानाच्या पाठीमागे होतं. बेअरिंगं आणि रबरी नळ्यांच्या राशी. तिथे गिऱ्हाईक येत नसे आणि उजेडही येत नसे. पोपटशेठ सुपारी चघळत म्हणाले, "शनिवारी ठरवू."

काकांनी आपली फळी फडक्यानं पुसून घेतली. बुधवारी संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला त्यांनी जिन्याखालून मला हाक मारली.

"मास्तर, जरा या. डोळं आल्यात माझं. ह्यो तक्ता तेवढा वाचून दावता का?"

केसाएवढी चीर ज्यांना दारातून दिसायची, त्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. मी वाचू लागलो. तिसऱ्या ओळीला काकांनी हळूच विचारलं, "ही मोडकी शिडी. हिला काय म्हनला तुमी?"

"एन."

"आन ह्यो काटकोन?"

"एल."

"हां. एल." ते पाठ केल्यासारखं पुटपुटले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इंग्रजी आकडे त्यांना येत होते, अक्षरं नव्हती. वीस वर्षं ते डबीवरच्या अक्षरांची चित्रं लक्षात ठेवून प्लग देत होते. आणि तेवढ्यानं चूक होऊ नये म्हणून जुना मागत होते. माझे वडीलही बोर्डिंगातून माझं पत्र आलं की ते घेऊन गावातल्या गुरुजींकडे जायचे आणि म्हणायचे, जरा डोळे आलेत. मी काकांना काही विचारलं नाही. पुढची ओळ जरा मोठ्यानं वाचली, एवढंच.

मग एक परीक्षा सुरू झाली. मी तक्त्यातली गाडी वाचायची, काकांनी फळीवरून त्या गाडीचा प्लग काढून माझ्या हातात द्यायचा, मी त्यावरचा नंबर वाचायचा.

"बाजार समितीची जीप," काकांनी पहिला प्लग पुढे केला.

"जुळलं, काका."

"पाळकसाहेब."

"जुळलं."

"भाऊसाहेब खुंटीवाले. मागनं बदलला तवाचा."

"जुळलं."

बारा झाले, पंधरा झाले. काका स्टुलावर ताठ होत गेले. "तक्ता हुशार हाय," ते म्हणाले. "माझ्यासंगं जुळतोय. शनवारी शेठला ह्येच दावायचं. आता डाक्टरसायबांचा घ्या, मधला."

मी गाडी शोधली. तक्त्यात एन होता. प्लगावर एल होता.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"तक्ता चुकला," काका म्हणाले.

मी बोट ठेवून ती ओळ दाखवली. त्यांनी कपाटातून एनची डबी काढली, फोडली, आणि नवा प्लग डॉक्टरांच्या जुन्या प्लगाशेजारी काउंटरवर उभा केला. नवा अर्ध्या पेरानं उंच होता. आटेच लांब होते. काकांनी दोघांच्या आट्यांवरून नख फिरवलं.

"पार आत पोचतच नव्हता," ते शेवटी म्हणाले. "भोकाच्या तोंडाशीच ठिणगी पडत हुती. गार इंजिन पेटंल कसं? तापल्यावर चालायची, म्हनून रंग बिस्किटाचा. मी नुसतं तोंड बघितलं, मास्तर. पाय न्हाई बघितलं. डाक्टरच्या आधीच्या मालकानं चुकीचा घातला आसंल. जुना प्लग खोटं बोलला आन मी सा वर्सं ऐकत बसलो."

मी म्हणालो, "काका, हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. विजयनं काही फळी ताडून बघितलेली नाही. शनिवार जाऊ द्या. नंतर गुपचूप बदलून टाकू."

मला वाटलं, मी फार व्यवहारी बोललो.

काकांनी विचारलं, "तुमी पोराचा पेपर चुकीचा तपासला, तर काय करता?"

मी खाली पाहिलं. कारण सहामाहीत मी तेच केलं होतं. एका मुलाचं बरोबर उत्तर मी चूक दिलं होतं, पेपर वाटल्यावर माझ्या लक्षात आलं होतं, आणि बी.एस्सी. माणसानं वर्गात चूक कशी कबूल करायची म्हणून मी गप्प बसलो होतो.

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला काका डॉक्टरांच्या दारात होते. मीही शाळेआधी गेलो. ओट्यावर रोगी बसलेले. डॉक्टर बॅग घेऊन बाहेर आले.

"डाक्टरसायेब," काका म्हणाले, "सा वर्सं मी तुमाला चुकीचा प्लग दिला."

"कोण म्हणतं?"

"तक्ता म्हनतो. मी ताडून बघितलं. खरं हाय."

"अहो, मी तीन बॅटऱ्या बदलल्या!"

"व्हय. मीच सांगितल्या."

डॉक्टर लालबुंद झाले. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"मला, मास्तरला, आन आता..." काकांनी ओट्याकडे पाहिलं, "ह्या चौदा लोकांला."

ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी माझी सा वर्सं फुकट ढकलन्यात गेली व्हय रं, मुडद्या?"

काकांनी बॉनेट उघडलं. आखूड प्लगांमुळे भोकांचे आतले आटे उघडे राहून काजळीनं बुजले होते. नवा प्लग आत जाईना. काकांनी खिशातून एक जुना लांब प्लग काढला. त्याच्या आट्यांवर करवतीनं त्यांनी आदल्या दिवशीच उभ्या खाचा पाडून आणल्या होत्या. खाचांत ग्रीस भरायचं, प्लग हळूहळू फिरवत आत न्यायचा, बाहेर काढायचा. ग्रीसला काजळी चिकटून येई. पुसायचं, पुन्हा भरायचं. चारही भोकांना असं पाऊण तास. चौदा रोगी गोल करून ऑपरेशन बघावं तसे बघत होते. डॉक्टर घड्याळ बघत होते आणि मला शाळेला उशीर होत होता, पण कुणीच हललं नाही.

शेवटी चारही नवे प्लग बसले. डॉक्टर स्टिअरिंगवर बसले आणि सवयीनं म्हणाले, "चला." सवयीनंच आठ जणांनी डिकीला हात लावले. डॉक्टरांनी सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली आणि निघाली. ढकलणारांपैकी दोघे मोकळ्या हवेला ढकलत रस्त्यावर पालथे पडले.

गाडी वखारीवरून वळसा घेऊन परत आली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण त्यात काळजीही होती. म्हातारीनं ती बोलून दाखवली.

"आता आमाला तपासनार कसं?"

शनिवारी सकाळी पोपटशेठ गादीवर बसले. बातमी काकांच्या आधी दुकानात पोचली होती. विजय म्हणाला, "बघितलंत, बाबा? मी सांगत होतो. तक्ता असता तर सहा वर्षांपूर्वीच कळलं असतं."

"खरं हाय," काका म्हणाले. त्यांनी गळ्यातलं गेज काढून काउंटरवर ठेवलं होतं, आणि त्यांचा हात सारखा गळ्याकडे जात होता. "धाकलं शेठ बरोबर बोलत्यात. शिवाय अजून येक. मला विंग्रजी अक्षरं येत न्हाईत. मी ती चित्रावानी वळखतो. ह्ये बी आजच सांगतो, म्हंजी मागनं कळायला नको."

पोपटशेठची सुपारी तोंडातच थांबली. वीस वर्षांत त्यांना हे कळलं नव्हतं. तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. डॉक्टरांची गाडी. डॉक्टर उतरले, पण इंजिन बंद केलं नाही. काल सकाळपासून ते जिथे जातील तिथे गाडी बंद करून पुन्हा सुरू करून दाखवत होते, आणि आता दमले होते.

"पोपटशेठ, या माणसाला काउंटरवरून हलवायचं नाही."

"पण डॉक्टरसाहेब, चूक त्यांचीच होती."

"म्हणूनच! चुकीच्या प्लगावर ज्यानं माझी गाडी सहा वर्षं चालवली, तो बरोबर प्लगावर काय करील, विचार करा."

शेठनी विजयकडे पाहिलं. डॉक्टर वळले, आणि जाता जाता जरा खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या हातून सहा वर्षांत काय काय चुकलं, ते सांगायला मी कुणाच्या दारात गेलेलो नाही."

गाडी गेली. मग विजय उठला. त्यानं काउंटरवरचं गेज उचललं आणि काकांच्या हातात दिलं. पोपटशेठ म्हणाले, "तक्ता राहील. स्टूल पण राहील. विजू, तू तक्त्याजवळ बस. तू वाच, योसेफ बघेल. दोघांचं जुळलं तरच डबी द्यायची."

तेव्हापासून गिऱ्हाइकाला दोनदा थांबावं लागे. काकांच्या वाक्यात एक भर पडली. "जुना दाखवा. आन त्यो खरं बोलतोय का, ते धाकल्या शेठला इचारा." डॉक्टरांचा आखूड प्लग पहिल्या खिळ्यावरून हलला नाही. चिठ्ठी मात्र बदलली : "तोंड गोड, पाय आखूड. माझी चूक. योसेफ."

सोमवारी मी वर्गात सहामाहीचा तो पेपर परत मागितला आणि सगळ्यांसमोर तीन गुण वाढवून दिले. तीन गुण वाढूनही तो मुलगा नापासच राहिला. पण तो बाकावर अशा ऐटीत बसला, की पुढच्या महिन्याभरात मला त्याला एकदाही ओरडावं लागलं नाही.

काकांना मी इंग्रजी अक्षरं शिकवली. सव्वीस अक्षरांना चार महिने लागले, कारण प्रत्येक अक्षर ते आधी उजेडात नेऊन एक डोळा मिटून बघायचे.

चौऱ्याहत्तरच्या मेमध्ये मला कर्जतला बढतीची जागा मिळाली. सामान न्यायला ओळखीचा एक रिकामा ट्रक मिळाला. सगळे रस्त्यावर आले. विजयनं ट्रंक चढवली. काका चौथ्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "आता हिला दुरुस्त करतो. नवा मास्तर आनखी शिकल्याला आसंल." ड्रायव्हरनं सेल्फ मारला. ट्रक कण्हला आणि गप्प झाला. पुन्हा मारला, पुन्हा गप्प.

"काका, बघा की जरा," ड्रायव्हर म्हणाला.

"काय बघू? डिझेलला प्लग नसतो," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरची हळहळ होती. "आसता तर बघितला आसता."

मी उतरू लागलो, तर ड्रायव्हर म्हणाला, "बसा, गुरुजी. तुमी ढकलून काय व्हनार?" बाजारातले चार हमाल धावून आले. त्यांच्यात काका. खाकी शर्ट गळ्यापर्यंत बंद, दोन्ही हात ट्रकच्या फाळक्याला लावलेले. ट्रक हलला, सरकला, उताराला लागला आणि धडधडत सुरू झाला. मी बाजूच्या आरशात पाहिलं. हमाल परत फिरले होते. काका मात्र तसेच रस्त्याच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात पुढे केलेले, समोर ढकलायला काही नसलेले, डॉक्टरांच्या त्या रोग्यांसारखे.

मग त्यांनी एक हात तोंडाशी नेला आणि ओरडले, "मास्तर, पोचल्यावर पत्र टाका! विंग्रजीत टाकलं तरी चालंल!"

पुढच्या वळणावर आरसा रिकामा झाला. कर्जतला पोचल्यावर मी पत्र टाकलं. इंग्रजीत. एक एक अक्षर सुटं, मोठं आणि स्वच्छ, उजेडात धरून वाचता येईल असं.